काट्यावरचा आकडा मोबाईलपर्यंत कसा येतो? जुन्या सिस्टीमला नवं सॉफ्टवेअर जोडण्याची गोष्ट

ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा बसमध्ये हेडफोन सापडत नाही, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित अवतार. बोलताना जे पसरट झालं होतं ते थोडं आवरलंय, बाकी बोलणं तेच.

आजचा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारलाय. "कारखान्याचं सगळं कॉम्प्युटरवर आहे, माझ्याकडे मोबाईल आहे, मग मधे एक अ‍ॅप बनवायला असं काय लागतं?" कॉलेजात प्रोजेक्ट केलेल्या माणसाला वाटतं, दोन स्क्रीन, एक डेटाबेस, पंधरा दिवसांचं काम. कोड लिहायला खरंच पंधरा दिवस पुरतात. पुढचे सहा महिने जातात ते आधीपासून तिथे असलेल्या गोष्टींशी जुळवून घेण्यात. त्या गोष्टी तुमच्या नसतात, त्यांना तुम्ही माहीत नसता, आणि त्या बदलल्या तर तुम्हाला कुणी फोन करून सांगत नाही.

उदाहरण आपल्याच भागातलं घेऊ. जालना जिल्ह्यातलं, अंबड तालुक्यातलं आमचं अंकुशनगर साखर कारखान्यामुळे ओळखलं जातं. इथल्या पोराला 'काटा' म्हटलं की घड्याळाचा नाही, वजनाचाच आठवतो. म्हणून उसाच्या वजनाचा एक आकडा घेऊ आणि तो काट्यावरून शेतकऱ्याच्या खिशातल्या फोनपर्यंत कसा येतो ते बघू. हे कुठल्याही एका कारखान्याचं वर्णन नाही. वजनकाट्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये सर्रास भेटणाऱ्या गोष्टी एका वाटेवर मांडल्यात.

आधी, एवढं महत्त्वाचं काय आहे त्यात?

भरलेली ट्रॉली काट्यावर चढते, वजन होतं. ऊस खाली करून रिकामी गाडी पुन्हा चढते, पुन्हा वजन होतं. दोन्हींतला फरक म्हणजे निव्वळ वजन, आणि त्यावर वर्षभराच्या पिकाचे पैसे. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून 14 दिवसांत पैसे मिळायला हवेत. ते मोजायचे कशावर? त्याच एका आकड्यावर.

आता समजा पावतीवर 18.465 टन आहे, आणि अ‍ॅपवाल्याने स्क्रीन छान दिसावी म्हणून 18.4 दाखवलं. 65 किलोचा फरक. टनाला 3000 रुपये धरले तर 195 रुपये. पैसे कदाचित पावतीप्रमाणेच मिळतील, पण शेतकऱ्याच्या मनात शंका तर आलीच: काटा मारला की काय? 'काटा मारणे' हा शब्द आपल्याकडे काय ओझं घेऊन येतो ते मी सांगायला नको. म्हणजे काट्याने काही केलं नाही, हिशेबाने काही केलं नाही, मधल्या सॉफ्टवेअरने विश्वास घालवला. आज हीच गोष्ट समजून घ्यायचीय.

थांबा पहिला: काटा आणि त्याची वायर

काट्याजवळच्या खोलीत एक डबा असतो, त्यावर लाल आकडे चमकतात. त्याला इंडिकेटर म्हणतात. त्यातून एक वायर कॉम्प्युटरकडे जाते. बऱ्याच ठिकाणी ती वायर अजूनही आरएस-232 नावाच्या पद्धतीची असते. ही पद्धत 1960 साली ठरली. माणूस चंद्रावर जायच्या आधीची गोष्ट!

जुनी आहे म्हणून वाईट नाही हं. उलट साधी आहे, दणकट आहे. अडचण अशी की वायर कशी असावी हे ठरलेलं आहे, पण वायरीतून काय बोलायचं हे ठरलेलं नाही. एका कंपनीचा इंडिकेटर आकड्याच्या आधी अधिक-उणे चिन्ह पाठवतो, दुसऱ्याचा शेवटी 'किलो' जोडतो. काही तर आकडे उलटे पाठवतात, शेवटचा अंक आधी. शिवाय गाडी काट्यावर चढत असताना आकडा सतत हलत असतो. काही इंडिकेटर 'वजन स्थिर झालं' अशी खूण पाठवतात, काही पाठवतच नाहीत. मग स्थिर कधी मानायचं, हे तुमच्या सॉफ्टवेअरला ठरवावं लागतं. म्हणजे मापाचा एक निर्णय नकळत प्रोग्रामरच्या हातात आला.

त्यात हल्लीच्या लॅपटॉपला तो जुना पोर्टच नसतो. मग यूएसबीचा कन्व्हर्टर लावायचा. विंडोज त्याला 'कॉम 3' वगैरे नंबर देते. कुणी झाडलोट करताना वायर काढून शेजारच्या भोकात घातली की तोच कन्व्हर्टर 'कॉम 5' होऊ शकतो. सॉफ्टवेअर 3 वर कान लावून बसलंय, काटा 5 वर बोलतोय, आणि बाहेर ट्रॅक्टरची रांग वाढतेय. मी काम केलेल्या एका वजनकाट्यावर हे घडलेलं आहे. कोडमध्ये दोष शून्य, काम मात्र बंद.

थांबा दुसरा: डेटाबेसमधलं मराठी, जे मराठी नसतं

आकडा कॉम्प्युटरमध्ये आला. आता तो कुणाच्या नावावर टाकायचा? शेतकऱ्यांची यादी तर बरीच वर्षं जुनी आहे. स्क्रीनवर नावं स्वच्छ मराठीत दिसतात. तुम्ही ती कॉपी करून अ‍ॅपमध्ये टाकता आणि दिसतं काय? इंग्रजी अक्षरांचा खिचडा.

कारण सांगतो. युनिकोडची पहिली आवृत्ती 1991 साली आली, त्यात देवनागरीही होती. पण विंडोजमध्ये देवनागरी नीट चालायला विंडोज 2000 यावं लागलं, आणि ऑफिसांच्या सवयी बदलायला त्याहून जास्त काळ लागला. तोवर लोक थांबले नव्हते. श्रीलिपी, कृतिदेव असे फॉन्ट होते आणि त्यांच्यावर महाराष्ट्रातल्या लग्नपत्रिकांपासून ऑफिसांच्या याद्यांपर्यंत सगळं छापलं जात होतं. त्या फॉन्टांची युक्ती अशी: फाईलमध्ये साठवायचं इंग्रजी अक्षर, फक्त त्याचं चित्र मराठी काढायचं. कृतिदेवमध्ये 'काम' लिहिलं तर फाईलमध्ये असतात डी, के, ई ही तीन इंग्रजी अक्षरं. फॉन्ट बदला, मराठी गायब.

मग वाटतं, एक तक्ता करू आणि बदलून टाकू: डी म्हणजे क, के म्हणजे काना, ई म्हणजे म. इथे तीन खड्डे आहेत.

एक, प्रत्येक फॉन्टचा तक्ता वेगळा. श्रीलिपीचा तक्ता कृतिदेवला चालत नाही, आणि कुठल्या नोंदीला कुठला फॉन्ट वापरला हे डेटाबेसमध्ये बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं.

दोन, क्रम. या जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवतात. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे अक्षराच्या नंतर येते. रफाराचं याच्या उलट: दिसतो शेवटी, पण युनिकोडमध्ये आधी लिहावा लागतो. म्हणजे नुसती अदलाबदल पुरत नाही, अक्षरं हलवावी लागतात.

तीन, आणि हा सगळ्यात गमतीशीर. त्याच यादीत गाडीचा नंबर खराखुरा इंग्रजीत असतो. जालन्याची पाटी एमएच 21. सगळ्या तक्त्यावर डोळे झाकून कृतिदेवचं रूपांतर चालवलं तर 'एम'चा 'ड' होतो आणि 'एच'चा अर्धा 'भ'. गाडी नंबर 'डभ् 21'! हसू येतं, पण अशा हजारो नोंदी झाल्यावर आणि मूळ यादी पुसली गेल्यावर हसू थांबतं.

युनिकोडमध्ये आल्यावरही सुटका नाही. आपल्या मराठीचा तो खास अर्धा 'र' घ्या. गोऱ्हे, कऱ्हाळे, बऱ्हाटे ही आडनावं. हा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका कीबोर्डवर नुक्त्याचा 'ऱ' आणि हलन्त, दुसऱ्यावर साधा 'र', हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात. कॉम्प्युटरसाठी दोन वेगळी नावं! ऑफिसातल्या माणसाने एका पद्धतीने नोंदवलं, शेतकऱ्याच्या मुलाने फोनवर दुसऱ्या पद्धतीने शोधलं, उत्तर आलं 'नोंद सापडली नाही'. ऊस तर काल गेलाय. आता त्या मुलाला कोण समजावणार की नाव आहे, फक्त र वेगळा आहे?

थांबा तिसरा: एसएमएस

सगळं जमलं, आता शेतकऱ्याला मेसेज पाठवू. अ‍ॅप नको, नेट नको, साधा फोनही चालेल. मी हा मेसेज लिहिला:

"आपल्या उसाचे निव्वळ वजन 18.465 टन. वाहन क्र. 1234. पावती 56789."

एका एसएमएसमध्ये इंग्रजी 160 अक्षरं बसतात, मराठी मात्र 70. कारण मेसेजची जागा 140 बाईट एवढीच असते. इंग्रजी अक्षर 7 बिटांत मावतं, युनिकोडमधल्या मराठीला 16 लागतात. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे प्रत्येकी वेगळे मोजले जातात. 'निव्वळ' आपल्याला तीन अक्षरं दिसतात, मोजणीत सहा. वरचा मेसेज मोजला तर 63 भरतो. बसला! मग साहेब म्हणतात, शेवटी 'धन्यवाद' टाका, बरं दिसतं. एक जागा आणि धन्यवादचे सात, झाले 71. सत्तरच्या वर एक गेला की दोन एसएमएसचे पैसे. हंगामात रोज हजारो मेसेज जात असतील तर हा धन्यवाद चांगलाच महागात पडतो.

त्यापुढे नियमांचा थर. व्यावसायिक संदेशांसाठी ट्रायचे 2018 चे नियम आहेत. पाठवणाऱ्याचं नाव आणि मेसेजचा साचा दोन्ही आधी नोंदवायचे, डीएलटी म्हणतात त्या व्यवस्थेवर. साच्यात फक्त रिकाम्या जागा बदलता येतात. नोंदवलेल्या साच्यात 'टन' आहे आणि तुम्ही 'मे.टन' पाठवलं, तर मेसेज मधेच अडवला जातो. 8 मार्च 2021 ला ही साचा-तपासणी कडकपणे सुरू झाली तेव्हा देशभरात ओटीपीसुद्धा अडकले होते, आणि ट्रायला ती काही दिवस थांबवावी लागली. ज्यांचे मेसेज अडकले त्यांच्या कोडमध्ये त्या दिवशी काहीच बदललं नव्हतं. बदललं होतं ते मधलं दार.

नियम चुकीचा आहे असं मला म्हणायचं नाही. फसवे मेसेज थांबवायला काहीतरी हवंच. पण दुसऱ्याच्या व्यवस्थेवर उभं राहणं म्हणजे काय, ते इथे दिसतं.

थांबा चौथा: तुमचा फोन

आता तुमच्यातलं एखादं हुशार पोरगं म्हणेल, "दादा, मला कारखान्याच्या कॉम्प्युटरपर्यंत जायचंच नाही. घरच्या फोनवर एसएमएस येतोच ना? माझं अ‍ॅप तो वाचेल आणि आमची ऊस डायरी आपोआप भरेल."

कल्पना छान आहे. पण गूगलने ऑक्टोबर 2018 मध्ये जाहीर केलं आणि 2019 पासून लागू केलं, की प्ले स्टोअरवरच्या अ‍ॅपला एसएमएस वाचण्याची परवानगी ठराविक कामांसाठीच मिळेल. कारणही योग्य होतं, कारण एसएमएसमध्ये लोकांचे ओटीपी असतात. पण या नियमाने चोर आणि डायरीवाला दोघांसमोरचं दार एकदमच लोटलं गेलं.

बरं, मग अ‍ॅप स्वतःच नेटवरून वजन आणेल. 2015 च्या अँड्रॉइड 6 पासून फोन निवांत पडला की मागे चालणाऱ्या अ‍ॅपना झोपवतो, बॅटरी वाचावी म्हणून. त्यावर काही मोबाईल कंपन्यांनी आपापली बॅटरी बचत चढवलीय. त्यामुळे एकाच अ‍ॅपची सूचना एका फोनवर लगेच येते, दुसऱ्यावर सकाळी अ‍ॅप उघडल्यावर येते. शेतकरी काय म्हणणार? "याच्या गाडीचा मेसेज आला, माझ्या का नाही?"

व्हॉट्सअ‍ॅप? अधिकृत मार्ग आहे. पण समोरच्याने शेवटचा मेसेज केल्यापासून 24 तास उलटले की फक्त मंजूर झालेला साचाच पाठवता येतो. अनधिकृत जुगाडही मिळतात, व्हॉट्सअ‍ॅप वेबच्या आत शिरणारे. ते चालतात, आणि एक दिवस नंबर बंद होतो. ऐन हंगामात नंबर बंद झाला तर तुमच्या भरवशावर कागदाची वही सोडून दिलेल्या माणसाने काय करायचं?

जोड चांगला कुठे बसतो?

सगळंच रडगाणं नाही. ट्रॅक्टर आणि ट्रॉली बघा. ट्रॅक्टर एका कंपनीचा, ट्रॉली गावाजवळच्या वर्कशॉपमध्ये बनवलेली. मागे लावली, पिन घातली, निघाले. रोटाव्हेटरही तसाच, कारण मागच्या पीटीओचा मिनिटाला 540 फेऱ्यांचा वेग सगळ्यांना माहीत असलेला, सगळ्यांनी मानलेला आहे. ट्रॉली बनवणाऱ्याला ट्रॅक्टरचं इंजिन उघडायची गरज पडत नाही.

सॉफ्टवेअरमधलं असं उदाहरण म्हणजे यूपीआय, 2016 पासूनचं. एका अ‍ॅपवरून दुसऱ्याच बँकेच्या खात्यात, तिसऱ्याच कंपनीच्या क्यूआर कोडवर पैसे जातात, कारण जोडाची भाषा एका ठिकाणी ठरवली आणि सगळ्यांना ती पाळायला लावली. वजनाच्या पावतीला असा सगळ्यांनी मानलेला नमुना असता, तर आजचा भाग दहा मिनिटांत संपला असता.

तोवर आपण काय करायचं?

जोडकाम करताना मी पाच गोष्टी पाळतो. तुम्ही उद्या दूध संकलन केंद्राचं, बाजार समितीचं किंवा शाळेच्या फीचं अ‍ॅप केलंत तरी त्या लागू पडतील.

पहिली, मूळ जसंच्या तसं जपा. काट्याने पाठवलेली ओळ, जुन्या फॉन्टमधलं नाव, आलेला मेसेज, सगळं न बदलता वेगळं ठेवा. तुमचं रूपांतर त्याच्या शेजारी ठेवा, त्याच्या जागी नाही. रूपांतराचा तक्ता उद्या सुधारता येतो. पुसलेलं मूळ परत येत नाही.

दुसरी, प्रत्येक शेजाऱ्यासाठी एक वेगळा दुभाषी. काट्याशी बोलणारा कोड एकीकडे, एसएमएसचा दुसरीकडे. इंडिकेटर बदलला तर एवढाच तुकडा बदलायचा, आख्खं घर पाडायचं नाही.

तिसरी, वजन आणि पैसे पूर्णांकात ठेवा. 18.465 हा दशांश कॉम्प्युटरच्या द्विमान पद्धतीत तंतोतंत मावत नाही. 18465 किलो मावतो. टन करायचे ते फक्त दाखवताना, आणि दाखवताना एकही अंक खायचा नाही.

चौथी, माहीत नसेल तर तसं सांगा. वायर निसटली तर स्क्रीनवर 0 दाखवू नका, "काट्याशी संपर्क नाही" असं लिहा. शून्य हाही एक आकडाच आहे, आणि तो खोटा आहे. मोबाईलवर वजनाशेजारी वेळ आणि पावती नंबर दाखवा, म्हणजे माणसाला कागदाशी ताडून बघता येईल.

पाचवी, कागद बंद करायची घाई नको. पावती हातात मिळू द्या. तुमचं अ‍ॅप झोपलं, नंबर बंद झाला, साचा अडकला, तरी शेतकऱ्याकडे दाखवायला काहीतरी राहिलं पाहिजे.

या पाचातली एकही गोष्ट लोकांना दिसत नाही. अ‍ॅपच्या जाहिरातीत कुणी लिहित नाही की "आम्ही मूळ ओळ जपतो". पण पावती आणि मोबाईल यांच्यात फरक निघाला, भांडण झालं, चिटबॉयपासून शेतकी ऑफिसपर्यंत माणसं गोळा झाली, की उत्तर तिथेच सापडतं. काट्याने काय पाठवलं, ऑफिसात काय नोंदलं, मेसेजात काय गेलं, तिन्ही शेजारी शेजारी ठेवून दाखवता आलं पाहिजे. मग भांडण आकड्याचं राहतं, माणसांचं होत नाही.

म्हणून पुढच्या वेळी कुणी म्हणालं "एक छोटं अ‍ॅप करून दे की", तर आधी स्क्रीन कशी दिसेल ते विचारू नका. विचारा, आकडा येणार कुठून, मधे कोण कोण आहे, आणि त्यातलं कुणी उद्या बदललं तर आपल्याला कसं कळेल? ही तीन उत्तरं वहीत लिहा आणि मगच लॅपटॉप उघडा.

पुढच्या भागात सातबाऱ्यावरचं नाव, आधारवरचं नाव आणि बँकेतलं नाव एक का नसतं, ते बघू. तुमच्या घरी असा घोळ झाला असेल तर आवाजी मेसेज करून पाठवा, नाव-नंबर न सांगता. भेटू, काळजी घ्या!